पालिका, मंडई आणि ऑफिसं एकाच आवारात: तळमजला कुणाला द्यायचा?

टीस्क्वेअर

नमस्कार मंडळी. पेशाने आर्किटेक्ट आहे. नदीकाठच्या एका मध्यम शहराच्या महापालिकेसाठी नवं संकुल आखतोय. गावाचं नाव सांगत नाही, प्रस्ताव अजून सर्वसाधारण सभेपुढे यायचाय.

जागा साधारण चार एकर. एसटी स्टँड हाकेच्या अंतरावर. पूर्वी तिथे जकातीचं गोदाम आणि पालिकेचं वर्कशॉप होतं, सध्या भंगार गाड्या आणि बाभळी. मागणी अशी: पालिकेची मुख्य इमारत, नागरी सुविधा केंद्र, भाजी मंडई, गाळे, भाड्याने द्यायची ऑफिसं, एक सभागृह, वाचनालय आणि भरपूर पार्किंग. शिवाय संकुलाने स्वतःचा खर्च स्वतः काढावा.

आम्ही दोन पर्याय दिलेत.

पर्याय अ: पालिका रस्त्यासमोर, रुंद पायऱ्या, वर घुमट. मंडई मागच्या बाजूला. सगळा तळमजला गाळ्यांना.

पर्याय ब: रस्त्याला लागून मंडई आणि सुविधा केंद्र, मधोमध मोकळा चौक, पालिकेची खाती पहिल्या मजल्यापासून वर. ऑफिसं कडेच्या वेगळ्या इमारतीत, त्यांचं प्रवेशद्वार आणि जिना वेगळा.

पदाधिकाऱ्यांना अ आवडलाय. फोटोत घुमट दिसतो, मंडई दिसत नाही. आर्थिक सल्लागारही अ च्याच बाजूने आहेत, कारण तळमजल्याच्या गाळ्याला जो भाव मिळतो तो वर मिळत नाही. हे खरंच आहे. कुठल्याही गावातल्या पालिकेच्या शॉपिंग सेंटरचा दुसरा मजला बघून या: एक टायपिंग क्लास, एक विमा एजंट, बाकी शटरं आणि कबुतरं. पण सगळा तळमजला लिलावात काढला की घरपट्टी भरायला आलेली आजी कुठे चढणार, हे कुणी सांगत नाही.

माझं मत ब कडे आहे. पण सभेत 'मत' चालत नाही, उदाहरणं लागतात. तुमच्या गावचं, शहरातलं सांगा. चाललेलं आणि फसलेलं, दोन्ही.

---

कडूकारलं

आधी ठेकेदार कोण ते सांगा. आराखडा त्यामागून आपोआप येईल.

---

बोळातला

कारल्याकडे दुर्लक्ष करा. :)

तुमचा पर्याय ब पुण्यात १८८६ पासून उभा आहे. महात्मा फुले मंडई, म्हणजे तेव्हाचं रे मार्केट. मधे अष्टकोनी मनोरा, त्याच्याभोवती पसरलेले बाजाराचे पंख, आणि पुणे नगरपालिकेचं कार्यालय बरीच वर्षं त्याच इमारतीत वरती होतं. म्हणजे खाली वांगी-मेथी आणि डोक्यावर नगरपिते. आज कुणी असं सुचवलं तर 'शोभत नाही' म्हणतील.

गंमत अशी की नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. पैसा आधी शिक्षणावर जावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. तेव्हा सभेत 'एवढा खर्च कशाला' असं कुणी म्हणालं तर परंपरा जुनी आहे असं सांगा.

आता बांधणीबद्दल. एकदा सकाळी नऊच्या सुमारास आत जाऊन नीट बघा. विक्रेता बसतो तो ओटा जमिनीपासून उंच आहे. माल उतरता रचलेला असतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाकावं लागत नाही आणि विक्रेत्याला चारी बाजू दिसतात. छत उंच, हवा खेळती. आणि मुख्य म्हणजे आत शिरायला वाटा पुष्कळ. एका दारातून शिरून दुसरीकडून बाहेर पडणारी माणसं असतात, ती जाता जाता लिंबं घेतात. तुमच्या मंडईला एकच भव्य प्रवेशद्वार असेल तर ही माणसं गमावलीत म्हणून समजा. गेल्या काही वर्षांत पालिकांनी बांधलेल्या बंद पेटीसारख्या मंडया ओस पडतात आणि भाजीवाले बाहेर रस्त्यावर बसतात, त्याचं अर्धं कारण हे.

२०२४ च्या सप्टेंबरपासून तिथे भुयारी मेट्रोचं स्टेशनही झालंय. सव्वाशे-दीडशे वर्षांनी सरकारने खर्च करून गर्दी थेट मंडईच्या दारात आणून सोडली. जागा बरोबर निवडली की असं होतं.

---

टीस्क्वेअर

ओट्यांची उंची आणि दारांचा मुद्दा थेट नकाशात घेतो. आमच्या ब मध्ये मंडईला तीन वाटा आहेत, एसटीकडून चौथी काढता येईल.

---

नेरूळची

फसलेलं विचारलंत म्हणून सांगते. अगदी 'फसलेलं' म्हणणं अन्याय होईल, पण अर्धवट राहिलेलं नक्की. नवी मुंबईतलं सीबीडी बेलापूर.

१९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० च्या मार्चमध्ये ते वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ झालं. बेलापूर हे त्या शहराचं कामकाजाचं केंद्र व्हायचं होतं. राज्य सरकारचं मुख्यालयच इकडे येईल आणि त्याच्यामागून खासगी ऑफिसं येतील, अशी आशा होती. मंत्रालय जागचं हललं नाही. उलट त्याच सुमाराला नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून एकामागून एक टॉवर उभे राहिले. जे सरकार नवीन केंद्र बांधतंय तेच जुन्या केंद्रात जागा वाढवतंय, मग धंदेवाला खाडी ओलांडून कशाला येईल?

आलं ते कोकण भवन, सिडको भवन, रिझर्व्ह बँक, अशी मोठी कार्यालयं. रेल्वे आली ती १९९२-९३ मध्ये. तिच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने, आणि स्टेशनांवर व्यापारी इमारती बांधल्या. ही कल्पना मला आजही उत्तम वाटते. वाशी स्टेशनवरची ऑफिसं, सीवूड्सला रुळांवर उभा राहिलेला मॉल, दोन्हीकडे रात्री नऊलाही माणसं दिसतात.

बेलापूरच्या सरकारी भागात मात्र संध्याकाळी सव्वासहाला बायोमेट्रिकवर बोट ठेवलं की सगळं संपतं. २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा, म्हणजे शनिवार-रविवार तर विचारूच नका. वडापाव, झेरॉक्स, स्टॅम्पपेपर, चहा, सगळं सरकारी वेळापत्रकावर चालतं. संध्याकाळी उशिरा तिथून एकटीने चालत स्टेशन गाठायला मला आवडत नाही. रस्ते रुंद आहेत, दिवे आहेत, झाडंही आहेत. दुकान उघडं नाही एवढंच.

महापालिकेचं मुख्यालय २०१४ पासून पामबीच रस्त्याच्या टोकाला किल्ले गावठाणाजवळ आहे. घुमट, उंच झेंडा, गाडीतून जाताना फार देखणं दिसतं. स्टेशनवरून यायचं तर रिक्षा करा. तुमच्या पर्याय अ मधल्या पायऱ्या वाचून मला तेच आठवलं.

तेव्हा माझा प्रश्न तळमजला कुणाला हा नाहीच. संध्याकाळी सात वाजता तिथे कोण असेल, याची यादी करा. यादीत फक्त वॉचमन असेल तर आराखडा परत काढा.

---

बोळातला

शेवटच्या परिच्छेदाला +१

---

केळीबाग

आमच्या जळगावचं कुणी काढलं नाही अजून? पालिकेने स्वतः धंद्याची संकुलं बांधून पैसा उभा करायचा, हा प्रयोग आमच्याइतका राज्यात कुणी केला नसेल. फुले मार्केट, गोलाणी मार्केट, आणि वर १७ मजली महापालिका. बाहेरगावचे पाहुणे आले की ती इमारत दाखवायची आमची पद्धतच होती.

बाजार म्हणून ही संकुलं चालली, हे मान्य करायला हवं. फुले मार्केटला दिवाळीआधी पाय ठेवायला जागा नसते. गोलाणीत मोबाइल दुरुस्त होत नाही असं होत नाही. गावाच्या मधोमध बांधली म्हणून चालली.

दुखणं कागदात आहे. गाळे दिले ते मुदतीच्या कराराने. २०१२ च्या सुमाराला बऱ्याच संकुलांतल्या करारांची मुदत संपली. तेव्हापासून भाडं किती, नूतनीकरण करायचं की पुन्हा लिलाव, थकबाकी कुठल्या दराने, यावर वर्षानुवर्षं नोटिसा, मोर्चे, कोर्ट. गाळेधारक म्हणतो, आयुष्य इथे घातलं, बाजार आम्ही बसवला. पालिका म्हणते, मालमत्ता जनतेची, बाजारभाव द्या. दोघांचंही खरं आहे, म्हणून तर ते सुटत नाही.

टीस्क्वेअर, तुम्ही म्हणाल हे वकिलाचं काम. नाही. नकाशातच ठरतं. सगळे गाळे एकाच वेळी, एकाच मुदतीने दिलेत की ते एकाच दिवशी संपणार आणि समोर अख्खी बाजारपेठ एकजुटीने उभी राहणार. टप्प्याटप्प्याने बांधा, टप्प्याटप्प्याने द्या. भाडं किती वर्षांनी, कशाच्या आधारावर वाढेल ते पहिल्याच करारात लिहा. आणि मोठमोठी रक्कम आधी घेऊन नाममात्र भाड्यावर गाळा देऊ नका. पहिल्या आयुक्तांच्या काळात तिजोरी भरते, पुढच्या पाच आयुक्तांना पत्र्याची दुरुस्ती करायला पैसे नसतात.

अवांतर: १७ मजली इमारतीत लिफ्ट हाच रस्ता असतो. वरच्या मजल्यावर ज्या खात्यात लोक रोज येतात ते ठेवू नका एवढंच सांगेन.

---

कडूकारलं

@केळीबाग, हा प्रतिसाद मात्र चोख. पोटभाडेकरूंचं पण लिहा की. मूळ गाळेधारक घरी आणि गाळ्यात तिसराच.

---

केळीबाग

ते लिहायला बसलो तर वेगळा धागा काढावा लागेल.

---

फायलीखालचा

एका नगरपरिषदेतून निवृत्त झालोय, कर विभाग आणि नंतर जन्म-मृत्यू नोंदणी. वरची चर्चा उत्तम, पण इमारत वापरणारा कारकून कुणी विचारात घेत नाही म्हणून लिहितो.

पालिकेत येणारा माणूस कशासाठी येतो? घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचा दाखला, विवाह नोंदणी, नळजोडणी, तक्रार. यातलं बरंचसं आता ऑनलाइन आहे, तरी लोक येतात, कारण नावात चूक झालेली असते. ऑनलाइन भरलं पण दाखल दिसत नाही, म्हणून येतात. या लोकांना आयुक्तांचं दालन कधीच लागत नाही. त्यांना काऊंटर, बसायला बाक, झेरॉक्स आणि प्यायचं पाणी लागतं. हे सगळं तळमजल्यावर, रस्त्यावरून दिसेल असं. नगररचना, बांधकाम, लेखा यांच्याकडे येणारे बहुतेक ठेकेदार आणि तुमच्यासारखे आर्किटेक्ट. ते दोन मजले चढू शकतात. :)

मार्चअखेर लक्षात घ्या. त्या पंधरा दिवसांत कर भरणाऱ्यांची रांग इमारतीबाहेर जाते आणि उन्हात उभी राहते. तुमच्या चौकात त्या रांगेपुरती सावली काढा. मांडव घालायला वेगळी निविदा निघते, ती वाचेल.

अर्जनवीस आणि स्टॅम्पविक्रेते यांना जागा ठेवा. नाही ठेवलीत तर जिन्याखाली बसतील, आणि मग साहेब त्यांना 'अतिक्रमण' म्हणणार.

सुविधा केंद्र आठवड्यातले दोन दिवस रात्री आठपर्यंत उघडं ठेवायची सोय करा, म्हणजे त्याला वेगळं दार आणि वेगळं कुलूप हवं. मुख्य इमारतीच्या आत घातलंत तर पूर्ण इमारत उघडी ठेवावी लागते. त्याला सुरक्षारक्षक लागतात, म्हणून फाइल परत येते. नेरूळताईंच्या सात वाजताच्या यादीत निदान एक काऊंटर तरी येईल.

---

टीस्क्वेअर

वेगळं कुलूप! काका, हे आमच्या कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. लगेच घेतो.

---

हळदगाव

नदीकाठ म्हणालात म्हणून सांगलीतून लिहितोय. आमच्याकडे आयर्विन पुलाखाली ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा पूर आला. मारुती चौक, स्टेशन रोड, बाजारपेठेतली दुकानं पाण्यात होती.

बेसमेंट पार्किंग काढलंत का? काढायचंच असेल तर काढा, पण विजेचं पॅनेल, जनरेटर, पाण्याचे पंप यांपैकी काहीही तिथे ठेवू नका. गाड्या आदल्या रात्री हलवता येतात, पॅनेल येत नाही. आणि रेकॉर्ड तर अजिबात नको. पाणी ओसरल्यावर गठ्ठे उन्हात वाळत घातलेले ज्यांनी बघितले आहेत त्यांना विचारा.

तळमजला मंडईला देणं या हिशोबानेही शहाणपणाचं. ओटे धुवून चार दिवसांत बाजार भरतो. तिथे सर्व्हर आणि फर्निचर असतं तर महिना गेला असता. रेषा मात्र पाटबंधारे खात्याची निळी-लाल पूररेषा बघूनच आखा, गावातल्या आठवणींवर नको.

---

ओरेंकाठ

पणजीतून. आमच्याकडे पाटो. एका बाजूला ओरें खाडी, जवळच कदंबा बसस्टँड, आणि मधे ऑफिसं, बँका, सरकारी खाती. चांगली गोष्ट ही की राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय तिथेच आहे, त्यामुळे शाळा-कॉलेजची पोरं येतात, स्पर्धा परीक्षावाले दिवसभर बसतात. ग्रंथालय नसतं तर ती फक्त पार्किंग शोधायची जागा झाली असती. तुमच्या यादीत वाचनालय सगळ्यात शेवटी लिहिलंय, ते वर घ्या. अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवलीत तर खालचा चहावाला आपोआप टिकतो.

---

पूर्वेकडे

सिंगापूरहून. तुलना नेहमी अन्यायकारक असते हे मान्य करून लिहितो, पैसा आणि शिस्त दोन्ही वेगळे आहेत.

टॅम्पिनीस या उपनगरात जुन्या स्टेडियमच्या जागी 'अवर टॅम्पिनीस हब' बांधलं, २०१७ साली खुलं झालं. पाच हजार आसनांचं फुटबॉल मैदान, पोहण्याचे तलाव, अनेक मजली वाचनालय, खाण्याचे स्टॉल आणि सरकारी सेवा केंद्र, सगळं एकात. सेवा केंद्रात वेगवेगळ्या सरकारी संस्थांची कामं एकाच ठिकाणी होतात. बांधायच्या आधी हजारो रहिवाशांना विचारलं होतं, काय हवंय म्हणून.

मला तिथे जे आवडतं ते असं. मुलगी पोहायला शिकते तो तलाव वाचनालयातून दिसतो. आजोबा लोक वर धावपट्टीवर चालतात आणि खाली येऊन कॉफी पितात. सरकारी काम हे त्या फेरीतलं एक काम असतं. त्यासाठी सुट्टी टाकावी लागत नाही.

भारतात नक्कल करायची तर एकच गोष्ट उचला: काचा. आत काय चाललंय ते बाहेरून दिसू द्या. आपल्याकडे सरकारी इमारतीला कंपाउंड घालायची भारी हौस.

---

नेरूळची

आणि स्वच्छतागृहं! एवढ्या प्रतिसादांत कुणाला सुचलं नाही. मंडईत पहाटेपासून बसणाऱ्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, त्याचं कारण सगळ्यांना माहीत असतं. मुंबईत 'राइट टू पी' ही मोहीम उगाच उभी राहिली नाही. नकाशात जिन्यामागे, अंधाऱ्या कोपऱ्यात, 'टॉयलेट ब्लॉक' असा चौकोन टाकू नका. मंडईच्या आणि सुविधा केंद्राच्या मधे, उजेडात, लोक ये-जा करतात तिथे हवं. बायकांसाठी संख्या जास्त, पुरुषांइतकीच नाही. तान्ह्या बाळाला पाजायला एक खोली.

---

कडूकारलं

सध्या त्या जागेबाहेर हातगाड्या असतीलच. त्यांचं काय करणार? की 'सुशोभीकरण'?

---

टीस्क्वेअर

प्रश्न रास्त आहे. एसटीच्या भिंतीला लागून फळवाले, भेळवाले, चपला शिवणारे आहेत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समितीमध्ये निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे लागतात, आणि सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. आम्ही चौकाच्या एसटीकडच्या कडेला छपराखाली हातगाडीच्या मापाचे पट्टे दाखवलेत, नळ आणि विजेच्या पॉइंटसकट. सल्लागार म्हणाले, 'यातून उत्पन्न किती?' मी म्हटलं, पार्किंगमधून किती येतं ते आधी सांगा.

---

टीस्क्वेअर

धागा वर काढतोय, कारण काल बैठक झाली.

घुमट राहिला. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, तो सभागृहावर गेला. सभागृह आता चौकाच्या मागच्या कडेला आहे, रस्त्यावरून फोटोत येतं. पायऱ्या गेल्या. मंडई आणि सुविधा केंद्र रस्त्यालगत आले, सुविधा केंद्राला वेगळं दार आणि वेगळं कुलूप. अभ्यासिका पहिल्या मजल्यावर, तिचा जिना थेट चौकातून, पालिकेच्या दारातून नाही. बेसमेंट रद्द. पार्किंग ऑफिसच्या इमारतीत वरच्या दोन मजल्यांवर, रॅम्पला जागा जास्त जाते पण चालेल.

गाळ्यांवर तडजोड झाली. रस्त्याकडची निम्मी लांबी गाळ्यांना, आणि त्यांची खोली कमी केली. उथळ गाळा लहान दुकानदाराला परवडतो आणि शटरं जास्त बसतात, म्हणजे तेवढ्याच लांबीत दुकानं वाढतात. हे गणित सल्लागारांनीच करून दाखवलं, त्यामुळे पटकन मान्य झालं. केळीबाग, तुमचा टप्प्याटप्प्याने द्यायचा मुद्दा उपायुक्तांनी वहीत लिहून घेतला. पोटभाडेकरूंवर चर्चा सुरू झाली आणि जेवणाची वेळ झाली.

---

कडूकारलं

अपेक्षित.

---

फायलीखालचा

अभिनंदन. एक राहिलं. बेसमेंट रद्द केलंत, मग रेकॉर्ड रूम कुठे गेली? जुन्या मिळकतींची रजिस्टरं आणि बांधकाम परवानग्यांच्या फाइली यांचं वजन लोकांना कळत नाही.

---

टीस्क्वेअर

दुसऱ्या मजल्यावर, नगररचनेला लागून. सरकत्या कपाटांचा भार धरून त्या पट्ट्यातला स्लॅब जाड केलाय, खाली खांब जवळ घेतलेत. ते खांब मंडईत उतरतात, म्हणून तिथल्या ओट्यांची रांग एका जागी वाकडी झाली आहे. ती सरळ कशी करता येईल यावर काम चालू आहे, सूचना असतील तर लिहा.

---

बोळातला

सरळ करू नका. खांबाला टेकून बसायला जागा मिळाली तर तो ओटा सगळ्यांत आधी जाईल.